चिंच कुणाच्या बाजूला

मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी सात. हजर: मी, सासरे, धाकटे दीर. गैरहजर: नवरा, ट्रेनिंगसाठी लातूरला.

मुरुमच्या शिवारातलं आमचं शेत. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी हद्दीचे दोन दगड रोवले, एक विहिरीकडं, एक रस्त्याकडं. पश्चिमेला आम्ही, पूर्वेला दीर. मधे मी लग्नानंतर लावलेली चिंच. ती त्यांच्या हद्दीत येते, गुरुवारी तोडून तिथं शेड घालणार, असं दिरांनी फोनवर कळवलं होतं. मला ते पटलं नाही. मागच्या वर्षी रस्त्याकडेला जेसीबी चालला, तेव्हा तिथं एकटे दीरच होते.

मी शाळेत गणित शिकवते. टेप आणि वही घेऊनच गेले. विहिरीचा कोपरा शून्य धरला. तिथून विहिरीकडचा दगड पूर्वेला दहा मीटर, उत्तरेला पंचवीस. रस्त्याकडचा पूर्वेला चाळीस, उत्तरेला पंच्याऐंशी. साठ भागिले तीस, चढ दोन. समीकरण y = 2x + 5.

चिंच उत्तरेला सत्तेचाळीसवर. तिथं रेषा पूर्वेला एकवीस मीटरवर येते. चिंच साडेएकवीसवर. म्हणजे दिरांच्या हद्दीत, अर्धा मीटर.

"झालं का समाधान, वैनी? दोरी ताणून म्या हेच सांगितलं असतं. तुमी पार तास घेतला."

मी पडताळा घेतला. दोन्ही दगडांचे आकडे समीकरणात घातले, जुळले. आणि माझीच मला लाज वाटली. या चुकीसाठी मी वर्गात ओरडते. ज्या दोन बिंदूंतून रेषा काढली, ते तिच्यावर असणारच. दगड सरकवलेला असला तरी असणार. रस्त्याकडचा दगड दोन मीटर पूर्वेला धरून पुन्हा मांडलं. चिंच आमच्यात आली.

"मामा, तुम्ही रोवला होता तिथंच आहे का हा दगड?" मी सासऱ्यांना विचारलं.

"मला आता दिसतंय कुठं? पर दोन्ही दगडांखाली कोळसं पुरलेत. कोळसा कुजत न्हाय. खांदून बघा."

विहिरीकडच्या दगडाखाली दिरांनी स्वतःच, ट्रॅक्टरमधला टिकाव काढून, हौसेनं खणलं. हातभर खाली कोळसे निघाले.

"बघा! म्या खोटं बोलतो व्हय?"

"आता रस्त्याकडचा."

"ऊन लई झालं, वैनी. आण्णांना चक्कर यील. पुढच्या रविवारी बघू."

"झाड तर गुरुवारी तोडताय ना?"

"झाडाचा अन् कोळशाचा काय संबंध?"

टिकाव त्यांनी ट्रॅक्टरच्या पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. अजून नऊही वाजले नव्हते. सासरे सावलीत बसून शांतपणे पान जुळवत होते.

घरी येऊन वहीत लिहिलं. मोजणी, झाली. विहिरीकडचा दगड, कोळसा सापडला. रस्त्याकडच्या दगडाखाली खणून बघणं, बाकी. बुधवारच्या आत. टिकाव दुसऱ्या कुणाकडून तरी आणायचा.