सात खुर्च्या, सात रुमाल

शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या कॅबरेत बड्या लोकांची त्यांच्या तोंडावर टर उडवणाऱ्या एका बंडखोर बाईची गाणी मोना गाणार होती. ‘कॅबरे’ ऐकताच अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींनी नाकं मुरडली. गणपतीत हेच लोक आयटम साँगवर नाचतात, ते चालतं. ‘अहो, तसलं काही नाही त्यात,’ असं तिचे वडील विनयराव घरोघर फोन करून सांगत राहिले. ‘बघू,’ म्हणाले सगळे.

तरी कार्यक्रमाच्या दिवशी विनयरावांनी या मंडळींसाठी पहिल्या रांगेत सात खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरल्या. टाळ्या वाजवताना त्यांच्या दोन्ही बाजूंना रुमालच होते; मागच्या रांगांतही एकही मराठी चेहरा नव्हता.

‘आले होते गं सगळे,’ नंतर ते लेकीला म्हणाले. ‘मागे बसले होते.’

‘आय सॉ देम, बाबा,’ म्हणत मोना एकेक रुमाल उचलून घडी घालू लागली.