धोंड्याचा टेकू

जवळा बाजारच्या वाटेवर एका खडकावर दुसरा मोठा धोंडा नुसता टेकलेला आहे. जाणारा-येणारा त्याच्याखाली एक काडी टेकू म्हणून लावतो. त्या काड्यांवरच धोंडा उभा आहे, असं आमच्याकडे मानतात.

हातोडा-छिन्नीनं जात्यांना टाकी लावणारे एक मामा मला बाजाराच्या दिवशी तिथं भेटत. कोणी काहीही सांगो, ते आधी "बराबर हाय" म्हणत आणि मग आपल्या मनाचंच करत. धोंड्यावर बोटानं टकटक करून, खुशाली विचारल्यासारखा कान लावत. मग काडी.

गावातून हैदराबादेला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं उर्दूतून शिकलेला गुरुत्वमध्य पहिल्या सुट्टीत मी मामांना मराठीत समजावला.

"बराबर हाय," म्हणत त्यांनी काडी लावली.

मला राहवलं नाही. मी सगळ्या काड्या उपसून फेकल्या. धोंडा जागचा हलला नाही.

मामांनी हातोडा खाली ठेवला, धोंड्याखाली शिरून त्याला पाठ लावली आणि पाय रोवले.

"मामा, काहून? न्हाई पडत तो!"

"बराबर हाय. पर बाजाराला जाणाऱ्या बाया येऊन राहिल्या. तुमी काड्या लावा, मी धरून हाय."

"किती लावू?"

"व्हत्या तेवढ्या, लेकरा."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. धोंडा पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मामा खाली असेपर्यंत एकेक काडी वेचत मी पळत होतो.