चाळीस लाख अठ्ठावीस हजार तेहेतीस

ताई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायच्या. धाकटा भाऊ गणिताचा मास्तर, एकटाच, त्यांच्याकडेच राहायचा. त्याला झटका आला आणि वाचा गेली. पुढचे अकरा दिवस तो पाटीवर एकच लिहीत राहिला: ४०२८०३३. पुसलं की पुन्हा तेच. शेवटच्या दिवशी त्याने ताईंचं मनगट धरलं आणि पाटीकडे बोट केलं. ताईंनी समजल्यासारखी मान हलवली. तो गेला, आणि ती खोटी मान ताईंना आतून कुरतडू लागली.

फोन नंबर असेल म्हणून त्यांनी लावून पाहिला. "राँग नंबर," एक बाई वैतागली. बँकेत, शाळेत, कुठेच काही लागलं नाही. मग आकडा चादरींवरच्या शिक्क्यांत दिसू लागला, इस्त्रीच्या वाफेत कुणी पुटपुटल्यासारखा ऐकू येऊ लागला.

मास्तरचा शाळेतला जुना सोबती म्हणाला, "ताई, संख्या दिसली की तो आधी तिला कशाने भाग जातो ते बघायचा. तुम्हीही बघा." त्याने मूळ संख्यांची यादी दिली. या अशा संख्या, की स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुणालाच दाद देत नाहीत.

"आणि हे कुठवर करायचं?"

"दोन हजार सहापर्यंत, वर्गमूळ तिथवरच आहे. तोवर भाग गेला नाही, तर हीच मूळ संख्या समजा."

ताईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण भागाकार पक्का. जेवणाच्या सुट्टीत धुलाईच्या पावत्यांमागे त्या गणितं मांडू लागल्या. तिनाने बाकी दोन. साताने दोन. तेराने नऊ. "आता आम्हालाही भागा!" बायका हसायच्या. महिने गेले. तीनशे तीन मूळ संख्या झाल्या, एकीनेही भाग गेला नाही.

तीनशे चौथी होती २००३. बाकी शून्य. भागाकार आला २०११, तीही मूळ संख्या. म्हणजे या आकड्याचे तुकडे या एकाच तऱ्हेने पडतात.

ताईंनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, आणि ती सालं दिसली. मास्तरची मुलगी २००३ साली जन्मली होती आणि २०११ साली तापाने गेली होती. त्यानंतर भावजय माहेरी निघून गेली, आणि मास्तरने पोरीचं नाव पुन्हा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ताईंनी भावजयीचं माहेर गाठलं आणि पावती तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही सालं वाचली, स्वतःच गुणाकार केला.

"वन्सं, ते रडलेसुद्धा नाहीत म्हणून मी घर सोडलं होतं."

"मलाही तसंच वाटायचं गं."

मग भावजय बोलू लागली. पोर खोडकर होती, हट्टी होती. "इथे आली की जिन्याची चौथी पायरी गाळून उडी मारायची. तिथे कुणीतरी बसलंय म्हणायची. मीही अजून त्या पायरीवर पाय देत नाही."

दोघी संध्याकाळपर्यंत पोरीबद्दल बोलत बसल्या, जिन्याकडे पाठ करून.