साहेबांच्या कुत्र्याच्या सगळ्या सुया झाल्या

"ताई, हे पाण्याचा गिलास पाहून वरडून राहिले वं..." फोनवर वहिनी होती. मी बुटीबोरीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत उभी होते. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. मी, भाऊनं दूध विकून केलेली. त्या शिक्षणाचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला, की डॉक्टरांच्या आधी मला कळलं... भाऊ आता वाचत नाही.

धरमपेठेत तो घरोघरी दूध घालायचा. त्या फोनच्या दीड-दोन महिने आधी मोकाट कुत्रं पोटरीला चावलं. सरकारी दवाखान्यात पहिली सुई घेतली, दंड सुजला, अंगात कणकण आली. तो सुजलेला दंड एका गिऱ्हाइकानं पाहिला. निवृत्त साहेब. मोबाईलवर लसींविरुद्ध वाचायचं आणि सकाळी बागेत चार लोकांना ऐकवायचं, हा त्यांचा उद्योग. म्हणाले, "अंगच नको म्हणतंय बघ. विष आहे ते. पुढच्या घेऊ नकोस." भाऊनं मला फोन केला. "साहेब शिकलेले हायेत वं. तुले काय वाटते?" मी म्हटलं, "मुकाट्यानं जाऊन घे." "हो वं मास्तरीणबाई," म्हणून हसला. गेला नाही. पोटात चौदा सुया टोचतात, ही लहानपणची धास्ती त्याच्या मनात होतीच. साहेबांनी तिला शहाणपणाचं नाव दिलं. आणि मी पुन्हा विचारलं नाही, तेवढं माझं.

लसीबद्दल शंका असावी, विचारावी. दंड का सुजला, हे दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण साहेबांना शंका नव्हतीच. त्यांना खात्री होती, दुसऱ्याच्या जिवावरची.

तेरवीला ते आले. "नियती," म्हणाले. मी विचारलं, "तुमच्या कुत्र्याला लस देता का हो?"

"म्हणजे काय! दरवर्षी. कार्ड आहे त्याचं..."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं. वहिनी वाढता वाढता थांबली. "कुत्र्याले चालते, अन् माह्या माणसाले काहून नाही चालली जी?" साहेब न जेवता चपला शोधायला लागले.

मी निरोप धाडला : ज्या बागेत बोलता, तिथंच म्हणा, 'मी त्याला अडवलं, मी चुकलो.' उत्तर आलं नाही. बागेतलं बोलणं चालूच आहे. लोक सांगतात, जाऊ दे, माफ कर. नाही करत.

भाऊ कधी कुणाच्या घराची घंटी दाबायचा नाही. जिन्यातूनच हाळी द्यायचा, "दूऽऽध घ्या जीऽ!" आता दर रविवारी सकाळी साहेबांच्या जिन्यात मी उभी राहते आणि त्याच्याच सुरात ओरडते. शेजारच्या बाया पातेली घेऊन बाहेर येतात, माझे रिकामे हात बघतात. "दूध कुठंय, बाई?" मग दूधवाला कसा गेला ते मी सांगते, कुणाचं ऐकून गेला तेही, नाव घेऊन. एक दार तेवढं बंद असतं. मी आवाज आणखी चढवते.