पस्तीसशे रुपये कुठे उडवलेस?

"आजकालच्या मुलांना पैशाची किंमतच नाही." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता इतक्या वेळा बोलले आहे, की आता ते आठवलं तरी माझाच मला राग येतो.

झाशीत येऊन मला बावीस वर्षं झाली. नवरा इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कारखान्यात लागला, म्हणून साताऱ्याहून इकडे आले आणि मुलींच्या एका इंटर कॉलेजात वाणिज्य शिकवू लागले. मागच्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, दर शनिवारी शेवटचा तास अकरावीच्या मुलींना पैशाचं नियोजन शिकवायचं. "बचत सिखाइए मैडम. दिन भर चाट और मोबाइल रिचार्ज, बस." मी मान डोलावली. मलाही तेच वाटत होतं.

पहिल्या शनिवारी विचारलं, महिन्याला हातात किती पैसे येतात? निम्म्या वर्गाकडे बसभाड्यापलीकडे काहीच नव्हतं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मैडम, जिसके पास कुछ हो ही ना, वो बजट काहे का बनाए?" वर्ग हसला. मग मी पुस्तक बाजूला ठेवलं. प्रत्येकीला एक पातळ वही दिली आणि सांगितलं, रोज जो रुपया हातातून जाईल तो लिहायचा, कुठे गेला आणि कशासाठी तेही लिहायचं. शिवाय प्रत्येकीने आपलं बँकेचं पासबुक भरून आणायचं. शिष्यवृत्ती सरकार थेट मुलींच्या खात्यात टाकतं. पण बहुतेकींनी ते पासबुक उघडून पाहिलेलंच नव्हतं. ते वडिलांच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली.

त्या वर्गात चिरगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून बसने येणारी मुलगी होती. वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्ड करायचे. बोलायची कमी, पण अक्षर असं की फळ्यावर लिहायला मी तिलाच उठवायची. ती एकदम आठवडाभर आलीच नाही. आली तेव्हा तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी थांबली आणि पासबुक पुढे सरकवलं.

शिष्यवृत्ती जमा झाली होती. त्यातून एकदा दोन हजार आणि पुढच्याच आठवड्यात दीड हजार काढलेले दिसत होते. खात्यात उरले होते सत्तावीस रुपये.

"हमने नईं निकारे, मैडम जी."

आणि मी काय विचारावं? "खरं सांग, कुठे उडवलेस? घरी नाही सांगणार मी."

ती खाली मान घालून म्हणाली, पासबुक पाहून बापूंनीही हेच विचारलं होतं. दारात, शेजाऱ्यांसमोर. आणि उत्तर ऐकायच्या आधी थोबाडीत मारली होती. म्हणाले, पैसे खाणाऱ्या पोरीला शाळेत कशाला पाठवायचं? आईने हातापाया पडून तिला पुन्हा पाठवलं होतं.

तिने शांतपणे वही काढली. "मैडम जी, तारीख देखिए."

गावातल्या एका दुकानात बँकेचं यंत्र आहे. अंगठा लावला की खात्यातून रक्कम वजा होते, ती दुकानदार रोख देतो. पहिली रक्कम ज्या दिवशी निघाली, त्या तारखेला तिच्या वहीत लिहिलं होतं: बैंक वाले भैया की दुकान। अंगूठा दो बार लगाया। बोले सर्वर डाउन। पैसा नहीं मिला। नीचे चूड़ी वाले से रबर बैंड, पाँच रुपए। दुसऱ्या तारखेलाही तेच. अंगूठा लगाया, सर्वर डाउन, खाली हाथ.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला पडतेस त्यात? परकं गाव, परकी माणसं." बावीस वर्षांनीही परकं गाव! माझी लेक माझ्या मराठीला नेहमी हिंदीतच उत्तर देते. ती मोबाइलवरून डोकं न काढता म्हणाली, "मम्मी, आप जाओ." मी गेले.

सोमवारी मुलीला घेऊन बसने तिच्या गावी पोचले. दुकानदार तिशीचा, कपाळावर टिळा, अतिशय नम्र. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पासबुक दाखवलं.

"अंगूठा तो इन्हीं का लगा है, मैडम."

"पावती कुठाय?"

"कागज़ खतम था उस दिन."

"दोन्ही दिवशी?"

तो हसला. मग मुलीकडे वळून, वडीलकीच्या सुरात म्हणाला, "बिटिया, खर्च हो गए तो घर में बता दो. इस उमर में हो जाता है. मैडम को काहे परेशान कर रही हो?"

माझं डोकं फिरलं. ज्याने पैसे चोरले तोच तिला खर्चाची अक्कल शिकवत होता! मी उभी राहिले आणि इतक्या मोठ्याने बोलले की रस्त्यावरची माणसं थांबली. रागात माझी हिंदी नेहमीच तुटते. "लाज नाही वाटत? पोरीचे पैसे खाता आणि वर तिलाच दोष देता?" हे मी चक्क मराठीतच ओरडले. कोणाला समजलं, कोणाला नाही. पण दुकानापुढच्या रांगेतली एक म्हातारी पुढे सरकली आणि म्हणाली, "हमसे भी जई कई ती, बिटिया. सर्वर डाउन." तिलाही हेच सांगितलं होतं. तिच्या मागून आणखी एकजण बोलला, मग आणखी एक. दुकानदाराने शटर निम्मं खाली ओढलं.

आम्ही तशाच बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आधी तेच तुणतुणं वाजवलं, "बच्ची है मैडम, भूल गई होगी." मुलीने वही आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि बोट फिरवत दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. पाच रुपयांच्या रबरबँडचा हिशोब ठेवणारी मुलगी पस्तीसशे रुपये विसरेल, असं म्हणायची त्याची पुढे छाती झाली नाही. अर्ज घेतला. शिक्का मारून पोचही दिली, ती मी मागितल्यावर.

दीड महिन्याने पैसे खात्यात परत आले. का गेले, कोणी नेले, याचा एक शब्द नाही. दुकान काही दिवस बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं. तोच माणूस, तोच टिळा. त्या म्हातारीचे पैसे मिळाले की नाही, मला कळलेलं नाही. तिच्याकडे वही नव्हती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "आपको बचत सिखाने को कहा था, झगड़ा करने को नहीं." मी म्हटलं, "सर, चोराच्या हातातून स्वतःचा पैसा सोडवणं ही बचतच आहे." त्यांना ते उद्धट वाटलं. या वर्षी तो तास दुसऱ्या बाईंकडे आहे. त्या बाई मुलींकडून पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्यांवर नक्षी काढून घेतात.

शेवटी त्या मुलीचे वडील कॉलेजात आले. हाताला वेल्डिंगने भाजल्याचे डाग. माझ्यापुढे हात जोडले, "आपकी बड़ी कृपा, मैडम जी."

"माझ्याशी नका बोलू. हिच्याशी बोला," मी म्हटलं. मुलगी शेजारीच उभी होती.

ते तिला बस सुटेल एवढंच म्हणाले, "चल, बस निकर जैहै." तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. ती मागोमाग गेली.

स्टाफरूममधल्या एक बाई मला समजावत होत्या, की बाप माणूस आहे, दप्तर उचललं म्हणजे माफीच मागितली, ओळखून घ्यायचं असतं. मी नाही घेणार ओळखून. थोबाडीत मारली तेव्हा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला होता. माफीही तशीच मागायला हवी होती.