राब पेटवून पाहिलेला सिनेमा

राब पेटला की आधी वास येतो तो वाळक्या शेणाचा, उबदार, गोठ्यातून आल्यासारखा. मग त्यावर पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा कडवट धूर चढतो आणि घशाशी येऊन थांबतो. एप्रिलमधल्या एका रविवारी हे दोन्ही वास केसांत घेऊन मी कल्याणच्या वातानुकूलित चित्रपटगृहात बसले होते. शेजारी माझी वहिनी. तिच्या केसांतला धूर माझ्याहून दाट होता, कारण काडी तिने लावली होती.

शहापूरच्या महाविद्यालयात मी कविता शिकवते. माहेर मात्र वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळल्यावर. तिथे सुट्टीत गेले की स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही दोघी एका जुनाट अंतराळयानाची आणि त्याच्या कप्तान बाईची गोष्ट पाहायचो. हिंदीत उतरवलेले चार भाग, तेही भाकरी थापता थापता. यानाचं इंजिन अडलं की कप्तान त्यावर चापट मारते; वहिनी आमच्या विहिरीवरचा पंप तसाच सुरू करते. ती त्या बाईला कधी नावाने ओळखत नाही. "आपली बाय" म्हणते.

पाचवा भाग बऱ्याच वर्षांनी आला. तो मोठ्या पडद्यावरच पाहायचा, असं वहिनीने ठरवलं. डोळखांबच्या डोंगरातल्या पाड्यावर वाढलेल्या, विसाव्या वर्षी आमच्या घरी आलेल्या या बाईने चित्रपटगृह आतून पाहिलेलं नव्हतं. रविवारी दुपारची तिकिटं मी काढली. सोमवारपासून मी उत्तरपत्रिकांत अडकणार होते.

नेमका तेव्हाच राब आडवा आला. भाताची रोपं जिथे करायची तो शेताचा तुकडा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, छाटलेल्या फांद्या, पातेरा, गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि वारा पडलेला पाहून आग लावायची. चार दिवस वारा पडला नव्हता. शनिवारी पश्चिमेला ढग दिसले. राब भिजला असता तर मेहनत वाया आणि रोपाचा भरवसा संपला. रविवारी पहाटे पान हलत नव्हतं.

"आज पेटवायलाच लागंल," वहिनी म्हणाली. "आनि जायाचं पन हाय."

पेटता राब सोडून जायचा नाही, हा नियम तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. आग बांध ओलांडून गेली, तर शेजारच्या काकूंचा रचून ठेवलेला राब अवेळी जाणार आणि पलीकडे रान. दादा मुरबाडच्या कारखान्यात कामाला आहे. तो गणवेश घालून गाडीला किक मारत होता.

"राब पेटवायचा नि पिच्चरला पळायचं," तो म्हणाला. "येड्या झाल्यात दोघी. मला सुट्टी मागायला सांगू नका. माझी सुट्टी शुक्रवारी." आणि गेला.

शेवटी राखणीला काकू उभ्या राहिल्या, आग झोडपायला ओल्या फांदीचा झोडपा हातात घेऊन.

"कसला गो पिच्चर?"

"आभाळातला, काकी. इमानाचा."

"आभाळ हितं दिसत नाय काय? तुजी सासू राबाजवळून पानी प्यायला हलत नव्हती."

"म्हनून तर तिचा एक पिच्चर बघायचा ऱ्हायला," वहिनी म्हणाली. काकू हसल्या. आम्ही निघालो तेव्हा अर्धा राब जळायचा होता.

चित्रपटगृहात अंधार झाला, आणि यानाचं इंजिन घरघरलं. चार भाग आम्ही तो आवाज चिमणीएवढा ऐकला होता. आता तो पायांखालच्या फरशीतून वर आला. वहिनीने माझं मनगट धरलं. मला आतून भीती होती, आपल्या लाडक्या गोष्टीत कोणी परकं शिरलं तर नाही ना, याची. पण कप्तान बाई वळली, डोळ्यांभोवती वयाच्या रेघा घेऊन, आणि इंजिनावर चापट मारून हात चोळत राहिली. आता तिला ते लागत होतं. एवढ्या एका हालचालीने माझी भीती गेली. ज्यांनी ही कल्पना केली त्यांना मी ओळखत नाही. त्यांचे आभार मात्र त्याच क्षणी मानले.

शेवटाकडे एक अख्खा ग्रह जळतो. पडदाभर राख, आवाज नाही. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. माझेही डोळे भरले. राख म्हणजे अंत, हे मी किती कवितांच्या तासांना फळ्यापाशी उभी राहून सांगितलं आहे. वहिनीचे डोळे कोरडे होते. ती पडद्याकडे झुकून, जमीन पारखावी तशी पाहत होती.

"बेस भाजलाय," ती पुटपुटली.

आणि यान उडालं, कप्तानासकट. नावं वर सरकू लागली.

"चालले?" ती मोठ्याने म्हणाली. "पेरलं नाय, काय नाय, आनि चालले? मंग भाजला कशाला?"

पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मी हसत होते आणि रडतही होते. इतकी वर्षं अभ्यासलेल्या एका प्रतिमेची दुसरी बाजू मला माझ्याच घरातल्या बाईने दाखवली होती.

बाहेर आलो तर वारा सुटला होता. रस्त्यावरचे फलक फडफडत होते. जीपमध्ये, सरळगावपर्यंत आणि पुढेही, वहिनी फक्त झाडांचे शेंडे पाहत राहिली. फाट्यावर उतरून आम्ही जवळजवळ धावलो. ऊन कलतं होतं. शेताच्या दिशेला धूर नव्हता, आणि धूर नसण्याचे अर्थ दोन होते: राब नीट जळून विझला, किंवा जळायला काही उरलंच नाही.

काकूंचा राब जसाच्या तसा होता. आमच्या तुकड्यावर राख सपाट, करडी, कुठेही न विस्कटता पसरली होती. फक्त एका बाजूला काळी जीभ बांधावर चढून वीतभर पुढे गेली होती आणि तिथे झोडप्याच्या फटक्यांचे वळ होते. त्या वळांशेजारी बांधावर दादा बसला होता. अंगात कारखान्याचा गणवेश, घोट्यापर्यंत राख, भुवयांची टोकं करपलेली. काकूंना त्याने दुपारीच घरी पाठवलं होतं. सुट्टी कुणाकडे, कशी मागितली, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही. वहिनी खाली बसली आणि पदराने त्याच्या कपाळावरची काजळी पुसू लागली.

त्याने तिला पुसू दिलं. मग सरकून माझ्यासाठी बांधावर जागा केली, मी बसेपर्यंत थांबला, आणि म्हणाला,

"मग?"