थडग्याची खालची बाजू

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात थडगी रंगवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे चर्चची सगळी मंडळी उपासनेला कबरस्तानात जमते, मेणबत्त्या लावते, तेव्हा आपली माणसं नीटनेटकी दिसावीत म्हणून. आमच्या घराकडे पाद्रीबाबांचं थडगं. इंग्रजांचं राज्य नाशकात नुकतंच रुळत होतं तेव्हाचा हा देशी पाद्री, वेदपाठी घरातून ख्रिस्ती झालेला आणि आमचा मूळपुरुष. वरचा क्रूस मी रंगवायची, नावाची अक्षरं काळ्या रंगाने गिरवायची. खालची बाजू मात्र पप्पांची. तिथे मला ब्रश लावू द्यायचे नाहीत. स्वतः मांडी घालून बसायचे आणि दगडाच्या पायथ्याला थापीने जाड चुना लिंपायचे. मला वाटायचं, केवढी ही भक्ती.

पप्पा निफाडला हेडमास्तर होते. कुठूनही सुरुवात करा, गाडी पाद्रीबाबांवर यायची. आम्ही हळू बोलतो ते त्यांच्यामुळे, आमच्या घरात शिव्या नाहीत त्या त्यांच्यामुळे. मंडळीतल्या निम्म्या घरांना ते 'दुष्काळी' म्हणायचे. दुष्काळात आईबाप मेलेली पोरं मिशनने वाढवली, त्यांचे हे वंशज. तोंडावर नाही म्हणायचे, घरात म्हणायचे.

आणि माझं जमलं ते नेमकं अशाच एका घरात. मुलगा पोस्टात होता, चर्चमध्ये गायचा, दिसायला बरा होता आणि मला हसवायचा. तो वडिलांना घेऊन घरी आला. पप्पांनी चहा दिला, त्यांचं मूळ गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं. त्याच्या वडिलांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. दार लागल्यावर पप्पा मला म्हणाले, "माझी मुलगी मी त्यांच्यात देणार नाही."

मी रडले, भांडले, जेवण सोडलं. काही उपयोग झाला नाही. पुढे आलेली स्थळं पाद्रीबाबांच्या तोलाची नव्हती, आणि मी राहिले ती राहिलेच. आमच्या घरात नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि नाक माझं होतं.

गेल्या हिवाळ्यात पप्पांच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आल्यापासून एकच धोशा, मला पाद्रीबाबांच्या थडग्यात ठेव. कबरस्तानात आता नवी जागाच नाही. त्यामुळे जुनं थडगं उघडून त्याच घराण्यातलं माणूस त्यात ठेवतात. नाहीतर शहराबाहेरचं नवं कबरस्तान, आणि तिथे कोण कोणाशेजारी पडेल याचा नेम नाही, असं पप्पांचं म्हणणं. पण मागे एका थडग्यावरून दोन घरं हातघाईवर आली होती, तेव्हापासून कमिटीची अट होती की आधी वंश दाखवा. आणि कमिटीचा सेक्रेटरी कोण? तोच, पोस्टातला. आता रिटायर झालेला, टक्कल पडलेला, नातवंडं असलेला. मला वाटलं, हा आता उट्टं काढणार. त्याने शांतपणे सांगितलं की मिशनचे जुने कागद वाळवीने खाल्लेत, थडग्यावर काही लिहिलं असेल तर कमिटी तेवढ्यावर भागवून घेईल.

घरातलं जुनं उलथनं घेऊन मी गेले. खालच्या बाजूचा चुना निघता निघेना. किती वर्षांचे थर होते कोण जाणे, आणि त्यातले बरेचसे माझ्या डोळ्यांदेखत चढलेले. पापुद्रे काढले, पायथ्याची माती उकरली, तेव्हा अक्षरं लागली. चांगली ठसठशीत बाळबोध अक्षरं.

'यांस पोटचे अपत्य नव्हते. दुष्काळात ज्यांस यांनी पदरात घेतले व कित्येकांस आपले आडनावही दिले, त्या लेकरांनी हा धोंडा बसविला.'

आधी मला हसू आलं. मग असा संताप आला की उलथनं लांब भिरकावून दिलं.

पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दगडावरचं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता कोसळतात. 

"माझ्या आजोबांनी वाचायला लावलं होतं," ते म्हणाले. "मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. वाचून झालं, मग आम्ही दोघांनी मिळून त्यावर चुना भरला."

 मग माझं लग्न का मोडलंत, मी विचारलं.

"वर यायला पिढ्या गेल्या, बाई. तुला परत तिथे कशी ढकलू?"

मग माझा हात धरून विनवायला लागले. कमिटीला सांगू नकोस, पुन्हा चुना भर, चांगला घट्ट कालव. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चमच्याने पाणी पाजलं. त्यांची कीव आली हे खरं, आणि राग तसूभरही कमी झाला नाही हेही खरं.

त्याच आठवड्यात ते गेले. मेलेल्याचा शब्द मोडू नये म्हणतात. जित्या पोरीचं आयुष्य मोडताना कोणी काही म्हटलं नव्हतं. मी कमिटीला थडग्यापाशी नेलं आणि खालच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या.  तोच, पोस्टातला, म्हणाला की पदरात घेतलेली लेकरं ती लेकरंच, आपल्या सगळ्यांचे आजेपणजे एकाच पदरातले, उघडू या थडगं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पप्पांना हवं ते असं फुकट मिळत होतं.

मी त्याला म्हटलं, "नको. एकाच पदरातले असू, तर तुमच्या वडिलांच्या थडग्यात ठेवता येईल?"

त्याला सगळं कळलं. माझ्याकडे न बघता त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, वडील नाही म्हणाले नसते.

ते थडगं पार मागे, भिंतीलगत आहे. पेटी खाली गेली, पाळकांची प्रार्थना झाली, माणसं माती टाकून बाजूला झाली. माझी मूठ शेवटची होती. मी वाकले आणि हळू बोलले, आमच्या घरात बोलतात तसं.

"पप्पा, तुम्हाला मी त्यांच्यात दिलं."